काचेतला माणूस

पहिल्यांदा तो माणूस आपोआप हिरवा झाला तेव्हा दत्ताभाऊ त्याच्यापासून चार हातांवर उभे होते, आणि काचेजवळ कुणाचंही बोट नव्हतं.

माणूस म्हणजे नुसतं चित्र. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबी गोठवण्याचा एक कारखाना आहे. तिथे मागल्या दिवाळीत नवं पॅनल बसलं होतं. स्टीलच्या चौकटीत पाटीएवढी काच आणि काचेवर रंगीत चौकोन. खाली उजव्या कोपऱ्यात हा माणूस, गोल डोक्याचा, हातपाय फाकलेला. गोठवणखोलीत कुणाला जायचं असलं की आधी त्याला बोट लावायचं, म्हणजे तो लाल होतो. तो लाल आहे तोवर दार उघडं राहतं आणि आतले पंखे सुरू होत नाहीत. बाहेर आल्यावर पुन्हा बोट लावलं की हिरवा. हिरवा झाला की खोली रिकामी आहे असं यंत्र धरून चालतं. दार सरकून बंद होतं आणि आत उणे पस्तीस अंशांचा वारा सुटतो. त्या वाऱ्यात कोळंबीच्या ट्रेचा दोन-तीन तासांत दगड होतो. माणसाचा कधी होईल, हे कुणी मोजायला गेलं नव्हतं.

आतून दार उघडायला एक दांडा होता. पण त्यावर बर्फ चढायचा आणि तो बायकांच्या जोरानं हलायचा नाही.

त्या दिवशी सुदैवानं आत कुणी नव्हतं. ट्रॉल्या आणायला गेलेल्या दोघी नुकत्याच बाहेर येऊन हातमोज्यांवरचा बर्फ झटकत होत्या. माणसाला हिरवा करायचं राहिलं होतं. तो हिरवा झाला. दार सरकलं, आणि भिंतीपलीकडे पंखे घुमायला लागले.

"कुणी दाबलं गं?" एकीनं विचारलं.

"तूच दाबलंस असशील."

दोघी हसल्या आणि ट्रॉली ढकलत निघून गेल्या. दत्ताभाऊ मात्र तिथेच उभे राहिले. हे कुणी दाबलं ते त्यांना कळलं होतं.

दत्तात्रेय हे त्यांचं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. एकोणतीस वर्षं ते या कारखान्यातले वायरमन होते आणि निवृत्तीला आता पाच महिने उरले होते. माणूस अबोल. दुपारच्या सुट्टीत सगळे गप्पा मारत तेव्हा ते मेन स्विचच्या खोलीत स्टुलावर बसून विजेवरची पुस्तकं वाचत. नगर वाचनालयातून आणलेली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. आपल्याला थोडंफार कळतं असं त्यांना वाटे. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की तेही कळत नाही असं वाटू लागे. त्यांना सहसा कुणी काही विचारत नसे.

विचारलं ते एकदाच, आणि तेच नडलं.

जुन्या पॅनलला बटणं होती आणि एक पितळेची चावी होती. खोलीत जाणारी बाई ती चावी काढून कमरेला खोचायची. चावी नाही तर पंखे नाहीत. सोलाई-विभागाची मुकादम मथुरा एकोणीस वर्षं ती चावी खोचून आत जात आली होती. नवं पॅनल आलं आणि चावी गेली. शिवाय ही काच हातमोज्यांना दाद देईना. मोजे काढायला बंदी, कारण माल परदेशी जायचा. एका माणसाला लाल करायला बायका दहा-दहा वेळा काच बडवत.

"काय ओ दत्ताभाऊ," मथुरेनं जानेवारीत एकदा विचारलं, "ही काच आमच्यावर रुसली काय? सायबांनी नुसता बोट टेकवला की ऐकते. आमी ठोकून ठोकून दमलो."

आजूबाजूला सात-आठ जणी उभ्या होत्या. सगळ्या खरोखरच ऐकायला थांबल्या होत्या. दत्ताभाऊंना इतका आनंद झाला की त्यांची भीडच चेपली.

"काचेला बोट कळत नाही, मथुराबाई," ते म्हणाले. "तिला काहीच कळत नाही. काचेच्या खाली केसाहून बारीक तारांची जाळी आहे, डोळ्यांना न दिसणारी. उभ्या तारा, आडव्या तारा. त्यांत अगदी किंचित वीज खेळत असते. आता आपलं शरीर म्हणजे काय? खारं पाणीच. बोट जवळ आलं की ते त्या जागेवरची थोडीशी वीज आपल्याकडे ओढून घेतं. तेवढी तिथे कमी पडते. आत एक चिप बसलेली आहे, ती सेकंदाला कितीतरी वेळा सगळी जाळी तपासते. कुठल्या उभ्या आणि कुठल्या आडव्या तारेच्या फुलीवर वीज कमी झाली ते बघते आणि म्हणते, इथे बोट आहे."

"आनि मोजा?"

"मोज्याचं रबर जाड. वीज पलीकडे पोचतच नाही."

"म्हंजे तिला खारा, वला असा कायतरी लागतो," मथुरा म्हणाली.

"अगदी बरोबर."

मथुरेनं समोरच्या ट्रेमधली एक सोललेली कोळंबी चिमटीत धरली आणि तिचं टोक काचेवरच्या माणसाला टेकवलं. माणूस पटकन लाल झाला. बायकांनी असा कल्ला केला की वरच्या मजल्यावरून अपूर्वसाहेब डोकावले.

दुसऱ्या दिवसापासून पॅनलखालच्या फळीवर वाटीत एक कोळंबी कायमची आली. तिला 'अपूर्वसायबांचा बोट' असं नाव पडलं. शिळी झाली की बदलत. "सायबांचा बोट वास मारतोय गो, नवा आण," अशी हाक दिवसातून दोनदा तरी ऐकू यायची. दत्ताभाऊंनाही हसू यायचं. उलट आपल्या सांगण्याचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणून ते घरी जाताना रिक्षात मनातल्या मनात सुखावले होते.

नऊ महिने त्या कोळंबीचं खारट पाणी काचेवरून ओघळून स्टीलच्या चौकटीत मुरत होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. यायला हवं होतं. निदान त्यांच्या तरी.

ऑक्टोबर लागला, हवा दमट झाली. गोठवणखोलीचं दार उघडलं की आतला गारवा काचेवर यायचा आणि काचेला घाम सुटायचा. नुसत्या दवाचा सुटा थेंब अशा काचेला सहसा फसवत नाही, तो कुणाशी जोडलेला नसतो. पण इथे थेंब वरच्या चौकटीपाशी जमे, त्यात साचलेलं मीठ विरघळे, आणि मग तो चौकटीला चिकटूनच शेपटीसारखा खाली येई. चौकट जमिनीशी तारेनं जोडलेली. म्हणजे चौकटीपासून खालपर्यंत खाऱ्या पाण्याची एक अखंड दोरी. ती ज्या फुलीवर जाईल तिथली वीज ओढून घेणार. काचेच्या दृष्टीनं ते बोटच.

पहिल्या प्रकारानंतर दत्ताभाऊंनी तीन दिवस वहीत टाचणं केली. तीन दिवसांत पाच वेळा चौकोन आपोआप दाबले गेले. त्यांपैकी दोनदा माणूस. दोन्ही वेळा खोली रिकामी होती. हे रिकामेपण किती दिवस पुरणार, एवढाच प्रश्न होता.

ते मथुरेकडे गेले. "ती कोळंबी बंद करा," म्हणाले.

"मग काय नाकान दाबू?"

"नाकानंही चालेल," दत्ताभाऊ गंभीरपणे म्हणाले, आणि त्या सगळ्या पुन्हा हसल्या. एकीनं खरंच नाक टेकवून पाहिलं. चाललं. त्यानंतर कोण काय ऐकणार?

फक्त मथुरा हसायची थांबली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "काय झालाय, दत्ताभाऊ? नीट सांगा."

"अजून काही नाही. मी साहेबांशी बोलतो."

मथुरेची भाची समीक्षा गणपतीनंतर कामाला लागली होती. लांज्याला काजूच्या कारखान्यात होती, तिथल्या चिकानं बोटांची सालं निघाली म्हणून आत्यानं इकडे आणली. बावीस वर्षांची, किडकिडीत, चपळ. आत जाऊन ट्रॉल्या बाहेर काढायचं काम आता तिच्याकडे होतं. दत्ताभाऊ रोज सकाळी तिला आत जाताना बघत आणि ती बाहेर येईपर्यंत काचेवरची नजर काढत नसत.

अपूर्वसाहेब म्हणजे मालकांचे पुतणे. वय बत्तीस, पुण्यात शिकून आलेले, वागायला वाईट नव्हते. पॅनल त्यांनी स्वतः निवडलं होतं. दत्ताभाऊ त्यांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, तरी ते परत फिरले. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. काच का फसते, मीठ कुठून आलं, आणि कोळंबीची अक्कल बायकांना कुणी शिकवली. शिवाय, आपलं चुकत असेल तर? पुस्तकात लिहिलेलं खरं, पण पुस्तकातल्या काचा या काचेसारख्या असतात कशावरून?

मग त्यांना एक सोपा मार्ग सुचला. भित्र्या माणसाला असे मार्ग पटकन सुचतात. काच आणि चौकट आपणच स्वच्छ पुसून काढावी. मीठ गेलं की ही भुताटकीही गेली. कुणाला काही सांगायलाच नको.

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास ते बादलीत साधं पाणी आणि मऊ फडकं घेऊन पॅनलपाशी आले. सोलाईच्या टेबलांवर सगळ्या मान खाली घालून कामात होत्या. त्यांनी फडकं भिजवलं, पिळलं, आधी चौकट पुसली. फडक्यावर पांढरट खवल्यासारखं मीठ आलं. बरं वाटलं. पुन्हा भिजवून ते काचेवरून फिरवलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, घरी आरसा पुसतात तसं.

माणूस लाल होता. पुसण्याच्या नादात त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

फडकं त्याच्यावरून गेलं आणि तो हिरवा झाला.

ओलं फडकं, त्याच्यामागे त्यांचा ओला तळवा. एवढं मोठं बोट त्या काचेला आजवर कुणी लावलं नसेल. दार सरकताना दत्ताभाऊंनी वळून पाहिलं. उरलेल्या फटीतून त्यांना आतल्या पांढऱ्या धुक्यात पाठमोरी समीक्षा दिसली, दोन्ही हातांनी ट्रॉली ओढणारी. मग दाराचं रबर चिकटल्याचा आवाज झाला, आणि पंखे सुरू झाले.

त्यांनी माणसावर बोट टेकवलं. काहीच नाही. काच ओलीचिंब होती, एकाच वेळी दहा ठिकाणी बोटं असल्याचं तिला वाटत होतं, त्यामुळे ती कुणाचंच ऐकत नव्हती. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, पुन्हा दाबलं. बाहीही ओली होती. भिंतीपलीकडून थाड असा आवाज आला, मग आणखी एक. मग सारखे.

"समी आत हाय!" मथुरा ओरडली. ती टेबलावरून उठून धावत येत होती. "दत्ताभाऊ, उघडा! उघडा ना!"

दत्ताभाऊ उलट दिशेला पळाले. मेन स्विचची खोली तिथून चाळीस पावलांवर. त्या चाळीस पावलांत फरशीवर दोनदा घसरले. मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला आणि सगळा कारखाना एकदम मुका झाला. दिवे, पंखे, पट्टे, सगळं बंद. त्या शांततेत पहिल्यांदा ऐकू आलं ते बायकांचं ओरडणं. आतून मात्र आता काही ऐकू येत नव्हतं.

दार हातानं सरकवायला पाच जणी लागल्या. वीज नसताना ते तसंच ओढावं लागतं. समीक्षा दाराला खेटूनच बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून. पापण्या पांढऱ्या. उजव्या हाताचा मोजा दांड्याला चिकटून राहिला होता आणि त्या हाताची बोटं मेणासारखी दिसत होती. मथुरेनं तिला उचललं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, मी लाल केला होता. खरंच केला होता."

"हां गो बाय, केला होतास."

सगळं मिळून जेमतेम चार मिनिटं झाली असतील. कारखान्याच्या गाडीतून तिला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, दोन बोटांचं काय ते दोन दिवसांनी कळेल, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मथुरा तिच्याबरोबर गेली आणि दुपारी आपल्या सख्ख्या बहिणीला तिथे बसवून परत आली. सगळ्यांना वाटलं ती भांडायला आली.

अपूर्वसाहेबांनी तोवर पॅनल पुन्हा चालू करून त्यातली नोंद काढली होती. त्यांचाही चेहरा उतरला होता. "अकरा बेचाळीस," ते म्हणाले, "'आत माणूस' हे रद्द केलं. स्पर्शानं. म्हणजे कुणीतरी बोट लावलं. तुमच्यापैकीच. ही वाटी कसली आहे? कोळंबीनं दाबता तुम्ही? मथुराबाई, तुमच्या डोळ्यांसमोर हा खेळ चालतो आणि वर पॅनलला दोष?"

मथुरा वाटीकडे बघत राहिली. तिला काही कळलंच नव्हतं, की सगळं कळलं होतं? दत्ताभाऊंना तिच्याकडे बघवेना.

"मी पुसत होतो," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. मग मात्र सगळं सांगितलं. जाळी, मीठ, चौकट, थेंबाची शेपटी, वहीतल्या पाच नोंदी. कोळंबी कुणी शिकवली तेही. काच पुसून साफ झालेली नाही, मीठ चौकटीच्या सांध्यात मुरलंय, आणि ही काच इथे, या जागी, पुन्हा फसणार. जुनी चावी लावल्याशिवाय कुणाला आत पाठवू नका. आयुष्यात ते सलग एवढं कधी बोलले नव्हते.

अपूर्वसाहेब ऐकत होते. हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडत गेला.

"म्हणजे काका, ओलं फडकं तुम्ही फिरवलंत."

"हो. पण त्याआधीही..."

"त्याआधी कुणाला काही झालं नाही. चूक माणसाची होती, पॅनलची नाही. बरं झालं बोललात. तेवढं लिहून द्या मला, बाकीची थिअरी राहू दे." ते बायकांकडे वळले. "चला, अर्धा माल आत अडकलाय, विरघळेल. दोघी आत जा."

कुणी हललं नाही. सगळ्या मथुरेकडे बघत होत्या, आणि मथुरा दत्ताभाऊंकडे बघत होती. तिच्या नजरेत राग होता. नुसता रागच असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमचा ऐकून कोलंबी लावली. आता बी तुमचाच ऐकते. पाठवू पोरींना?"

"नको," दत्ताभाऊ म्हणाले.

बायका तिथेच उलट्या क्रेटवर बसल्या.

साहेब गोरेमोरे झाले. "ठीक आहे," ते म्हणाले. "मी जातो. मग तर पटेल?" त्यांनी जाड कोट चढवला, हात रुमालाला पुसला आणि कोरड्या बोटानं माणसाला लाल केलं. दार उघडलं. पांढरं धुकं फरशीवर पसरलं. मथुरेनं पटकन एक रिकामी ट्रॉली दारात आडवी घातली, ती त्यांनी पायानं बाजूला सारली. "रोज जसं करता तसंच. मी मोजून दहा मिनिटं आत उभा राहणार आहे. कुणी काचेला हात लावायचा नाही. काका, तुम्ही तर नाहीच."

ते धुक्यात शिरले. सुरुवातीला त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, मग ते मागच्या ट्रॉल्यांपाशी गेले असावेत.

दत्ताभाऊ काचेसमोर उभे राहिले. दारातून येणारा गारवा काचेवर धुक्यासारखा बसत होता. त्यांनी हात पाठीमागे धरले होते. पुसावं तर पुसणंच घातक. न पुसावं तर हे असं.

"मथुराबाई," ते मान न वळवता म्हणाले, "मेनच्या खोलीत जा. मोठा खटका आहे, लाल मुठीचा. तिथल्या दाराशी एकीला उभी करा, तिला मी दिसलो पाहिजे. मी हात वर केला की दोन्ही हातांनी खाली ओढा."

"सायेब बोंबलतील."

"बोंबलू देत."

ती पळत गेली. दत्ताभाऊंनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. तीन मिनिटं झाली असतील तेव्हा वरच्या चौकटीच्या उजव्या सांध्यात एक थेंब फुगायला लागला. त्याला रंग नव्हता, पण तो नुसत्या पाण्यासारखाही दिसत नव्हता, जरा जड, जरा आळशी. तो फुगला, थांबला, आणि मग चौकटीचा हात न सोडता खाली उतरू लागला.

कदाचित तो वाटेत दुसरीकडे वळेल. कदाचित मध्येच तुटेल आणि मग त्यात काही राहणार नाही. कदाचित सकाळच्या पुसण्यानं मीठ खरंच कमी झालं असेल आणि काच त्याला बोट समजणारही नाही. कारखाना दिवसातून दुसऱ्यांदा बंद पाडायचा, आत टनभर माल, आणि साहेब बाहेर येऊन विचारणार, काय झालं होतं? तेव्हा काय सांगायचं? एक थेंब आला होता?

थेंब पंख्याच्या चौकोनाशेजारून गेला. त्याची शेपटी वर चौकटीपर्यंत अखंड होती. लाल माणसाच्या डोक्यापासून तो अजून चार बोटं वर होता.

दत्ताभाऊंनी हात वर केला.